एसएसडी गतिचाचणी : लॅपटॉपमधील परिणामांचे वाचन

लॅपटॉपमधील सॉलिड-स्टेट ड्राइव्ह, म्हणजेच एसएसडी, ठरावीक अटींखाली माहिती किती वेगाने वाचतो व लिहितो हे मोजण्याच्या प्रक्रियेस एसएसडी गतिचाचणी म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कमार्क, लिनक्सवर एफआयओ आणि मॅकवर ब्लॅकमॅजिक डिस्क स्पीड टेस्ट ही त्यासाठीची परिचित साधने होत. एकाच ड्राइव्हच्या एकाच चाचणीत मिळालेल्या आकड्यांपैकी एक दुसऱ्याच्या पन्नास-साठपट असू शकतो, कारण त्यांतील प्रत्येक आकडा वेगळ्या प्रकारच्या कामाचा असतो. म्हणून आकडा कोणत्या अटींखाली मिळाला आणि त्याला कोणत्या घटकाने मर्यादा घातली, हे कळल्याशिवाय त्यावरून ड्राइव्हची पारख करता येत नाही.

कामाचे प्रकार : क्रिस्टलडिस्कमार्कच्या नेहमीच्या मांडणीत चार ओळी असतात. वरच्या दोन ओळी अनुक्रमिक कामाच्या असून त्यांत लगतची माहिती सुमारे १ मेगाबाइटच्या तुकड्यांनी क्रमाने वाचली किंवा लिहिली जाते; खालच्या दोन ओळी यादृच्छिक कामाच्या असून त्यांत चाचणी-फाइलमध्ये विखुरलेले ४,०९६ बाइटचे छोटे तुकडे हाताळले जातात. ओळीच्या नावातील ‘क्यू’पुढील अंक रांगेची लांबी, म्हणजे ड्राइव्हकडे एका वेळी किती मागण्या सोपवून ठेवल्या आहेत, हे दाखवतो, तर ‘टी’पुढील अंक त्या मागण्या पाठवणाऱ्या थ्रेडची संख्या सांगतो. रांग लांब असली की ड्राइव्हमधील कंट्रोलर फ्लॅश स्मृतीच्या अनेक भागांना एकाच वेळी कामाला लावू शकतो आणि आकडा चढतो. हे भाग कमी असले की वेग कसा घटतो, याचे उदाहरण २०२२ मध्ये दिसले. ॲपलच्या एम२ प्रोसेसर असलेल्या १३ इंची मॅकबुक प्रोच्या २५६ गिगाबाइट आवृत्तीत दोनऐवजी एकच फ्लॅश चिप होती आणि आधीच्या एम१ मॉडेलमध्ये सेकंदाला सुमारे २,९०० मेगाबाइट असलेला अनुक्रमिक वाचनवेग तिच्यात जवळपास निम्म्यावर आला.

तळाची ओळ : शेवटच्या ओळीत एका वेळी एकच छोटी मागणी पाठवली जाते व तिचे उत्तर आल्यावरच पुढची पाठवली जाते. या ओळीत सेकंदाला ६० मेगाबाइट वाचनवेग आला, तर त्यास ४,०९६ ने भागून सेकंदाला सुमारे १४,६०० मागण्या पूर्ण झाल्या असे कळते. म्हणजेच एका मागणीस सुमारे ६८ मायक्रोसेकंद लागले. या प्रतीक्षाकाळास विलंब म्हणतात. शेजारी ३,५०० चा आकडा असताना ६० पाहून ड्राइव्ह बिघडल्याची शंका येते, परंतु हा आकडा निरोगी ड्राइव्हचाच असतो. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला हेच काम साधारण १ मेगाबाइटपेक्षाही कमी वेगाने करता येते. लॅपटॉप सुरू होणे, प्रोग्रॅम उघडणे, ब्राउझरने साठवलेल्या बारीक फाइली वाचणे ही दैनंदिन कामे बहुतांशी छोट्या तुकड्यांची व आखूड रांगेची असल्यामुळे जाहिरातीत न छापली जाणारी ही ओळच वापरकर्त्याच्या अनुभवाच्या सर्वांत जवळ असते.

जोडणीची मर्यादा : वरच्या ओळींतील आकडा बहुधा ड्राइव्ह ज्या मार्गाने जोडला आहे त्याची कमाल क्षमता दाखवतो. साटा जोडणीचा वेग सेकंदाला ६ गिगाबिट असला, तरी प्रत्येक ८ बिटांसाठी १० बिट पाठवावे लागत असल्याने माहितीसाठी ६०० मेगाबाइटच उरतात आणि प्रत्यक्षात सुमारे ५५० दिसतात. एनव्हीएमई प्रकारच्या ड्राइव्हला पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीतील चार मार्गिका मिळाल्यास सुमारे ३,५००, तर चौथ्या पिढीत सुमारे ७,००० मेगाबाइटपर्यंत मजल जाते. त्यामुळे चौथ्या पिढीचा ड्राइव्ह ३,५०० च्या आसपास अडकत असेल, तर दोष ड्राइव्हचा नसून लॅपटॉपमधील खाच तिसऱ्या पिढीची किंवा दोनच मार्गिकांची असण्याचा संभव प्रथम तपासावा.

लेखनवेग आणि कॅश : एका पेशीत तीन किंवा चार बिट साठवणाऱ्या स्वस्त फ्लॅशमध्ये लिहिणे मंद असते; म्हणून कंट्रोलर काही पेशींत तात्पुरता एकच बिट भरून वेगवान कॅश तयार करतो आणि उसंत मिळाल्यावर तीतील माहिती कायम जागी हलवतो. नेहमीची चाचणी-फाइल केवळ १ गिगाबाइटच्या आसपास असल्याने ती या कॅशमध्येच मावते व छापील वेग मिळतो. मात्र शंभरएक गिगाबाइटचे चित्रीकरण एकदम उतरवताना कॅश संपली की चार बिटांच्या काही ड्राइव्हचा वेग साटा ड्राइव्हपेक्षाही खाली येतो. ड्राइव्ह भरत जातो तशी कॅशसाठीची मोकळी जागा आटते, म्हणून नव्या व भरलेल्या ड्राइव्हच्या लेखनवेगाची थेट तुलना करू नये.

उष्णता व वीज : लॅपटॉपच्या अरुंद पेटीत ड्राइव्हवर वाऱ्याचा झोत क्वचितच पोहोचतो. कंट्रोलर ठरलेल्या तापमानापलीकडे गेला की स्वतःच्या रक्षणासाठी तो वेग उतरवतो. पहिल्या फेरीत उत्तम आलेला आकडा लागोपाठच्या फेऱ्यांत घसरत जाऊन यंत्र निवल्यावर पूर्ववत होत असेल, तर कारण हेच असते. बॅटरीवर चालणारा लॅपटॉप प्रोसेसर व जोडणी दोन्ही वीजबचतीच्या स्थितीत ठेवतो आणि त्याचा फटका प्रामुख्याने तळाच्या ओळीला बसतो. सॉफ्टवेअरने होणारे कूटलेखन, विषाणुरोधक प्रोग्रॅम व पार्श्वभूमीला चाललेले अद्ययावतीकरण यांमुळेही हीच ओळ खाली येते.

चाचणीची शिस्त : चाचणीपूर्वी लॅपटॉप चार्जरला जोडावा, सुरू केल्यावर काही मिनिटे स्थिर होऊ द्यावा आणि साधनाची आवृत्ती, फाइलचा आकार, ड्राइव्हमधील मोकळी जागा व तापमान यांची आकड्यांबरोबर नोंद करावी. फ्लॅशच्या पेशी लेखनाने झिजत असल्यामुळे कारणाशिवाय वारंवार चाचणी घेणे हितावह नाही. ड्राइव्ह नवा असताना घेतलेली एक काळजीपूर्वक नोंद पुढे सर्वांत उपयोगी पडते, कारण त्याच अटींखाली काही वर्षांनी आढळलेली मोठी घट ही खरी तक्रार ठरते. आणि तशी घट नसेल, तर मंद वाटणाऱ्या लॅपटॉपचे कारण अपुरी रॅम किंवा प्रोसेसर यांत शोधणे योग्य ठरते.