तिसऱ्या तारेचा इतिहास : भारतीय घरातील विद्युत्-सुरक्षिततेविषयी एक टिपण

विद्युत्-शक्तीचा आपल्याकडील इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः वीजकेंद्रे, धरणे, परवाने आणि कंपन्या यांकडे जाते. १८८२ साली मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले, १९०७ मध्ये त्याच शहरात विजेची ट्राम धावू लागली, १९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत्-केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली, या घटनांची नोंद बहुतेक ग्रंथांत आढळते. परंतु हीच वीज मीटरच्या पलीकडे, म्हणजे माजघरात, न्हाणीघरात आणि स्वयंपाकघरात गेल्यावर तिचे काय झाले आणि तिच्यापासून माणसाचे रक्षण कोणी करावयाचे, हा प्रश्न इतिहासकारांनी फारसा विचारलेला नाही. तो क्षुल्लक मानला गेला असावा. राष्ट्रीय गुन्हे नोंद कार्यालयाच्या वार्षिक अहवालांत मात्र अलीकडील वर्षांत विजेच्या धक्क्याने झालेल्या मृत्यूंची संख्या दहा हजारांहून अधिक दिसते. या एकाच शीर्षकाखाली खांबावरचा कामगार, शेतातील पंपाजवळचा शेतकरी आणि घरातील गृहिणी एकत्र मोजली जातात. घरातील मृत्यू इतिहासाला का दिसत नाहीत, याचे एक कारण या मोजणीच्या पद्धतीतच सापडते.

प्रस्तुत टिपणात या प्रश्नाचा एकच धागा हाती घेतला आहे. घरगुती उपकरणाच्या दोरीत दोन तारा वीज नेण्या-आणण्याच्या असतात. तिसरी तार उपकरण ठीक चालत असताना काहीच काम करीत नाही. ती भूसंपर्काची, बोलीभाषेत अर्थिंगची, तार होय. ती नसली तरी इस्त्री तापते, पंखा फिरतो आणि फ्रिज गार होतो. जिच्यावाचून काही अडत नाही अशी वस्तू घरात टिकवून धरणे अवघड असते, आणि या तारेच्या इतिहासाचा पुष्कळसा भाग या अडचणीनेच घडविला आहे.

प्रारंभी भय होते ते धक्क्याचे नव्हे, आगीचे. लंडन येथील तारयंत्र व विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेने १८८२ साली घरातील वायरिंगविषयी पहिले नियम प्रसिद्ध केले. विजेच्या दिव्यांमुळे उद्भवणाऱ्या आगीच्या धोक्याचे निवारण, असा त्यांचा उद्देश शीर्षकातच सांगितलेला होता. आगविमा कंपन्यांनीही त्याच सुमारास आपापले नियम केले. ज्या समाजाला गॅसच्या दिव्यांमुळे लागणाऱ्या आगी परिचित होत्या, त्याने नव्या शक्तीकडेही त्याच दृष्टीने पाहिले, हे साहजिक होते. फ्यूज हे या दृष्टीचेच अपत्य होय. प्रमाणाबाहेर प्रवाह गेला की तार वितळावी आणि भिंतीतील वायरिंग जळू नये, एवढेच त्याचे कार्य. पाच अँपिअरचा फ्यूज तारेचे रक्षण उत्तम करतो. परंतु माणसाचा प्राण जाण्यास एका अँपिअरचा काही शतांशच पुरतो, आणि तेवढ्या प्रवाहाची फ्यूजला दखलही लागत नाही. ही गोष्ट आजही कित्येक सुशिक्षितांच्या लक्षात येत नाही.

हिंदुस्थानात १८८७ साली झालेल्या विद्युत् कायद्यात व्यक्ती व मालमत्ता या दोहोंच्या संरक्षणाचा उल्लेख होता. पुढे १९०३ व १९१० या वर्षी अधिक विस्तृत कायदे झाले. १९१० च्या कायद्याने अपघाताची सूचना देण्याचे बंधन घातले. तरी या कायद्यांचे मुख्य लक्ष परवानाधारक कंपनी, रस्ते खोदण्याचा तिचा अधिकार आणि ग्राहकाशी तिचा व्यवहार यांवरच होते. त्या काळी घरात असे काय होते की ज्याची चिंता करावी? छताला टांगलेला दिवा, भिंतीवर लाकडी पट्टीत झाकलेल्या तारा आणि हाताला लागणारे एक बटन, तेही चिनी मातीचे वा पुढे बेकेलाइटचे. वीज माणसाच्या उंचीच्या वर राहत असे. केवळ दिव्यापुरती वीज वापरणारे घर, कोणतीही खबरदारी न घेता, बऱ्याच अंशी सुरक्षित होते.

हे चित्र इस्त्रीने पालटले. इस्त्री लोखंडाची, हातात धरावयाची, आणि ओलसर कपड्यांवर फिरवावयाची. तिच्यासाठी स्वतंत्र जोडणी नसलेल्या घरांत दिव्याच्या होल्डरला अडॅप्टर लावून ती चालवीत. होल्डरमध्ये दोनच टोके असतात. तिसऱ्या तारेला तेथे जागाच नसते. पुढे टेबल-पंखा, शेगडी, पाण्यात बुडविण्याचा रॉड आणि गिझर ही सर्व उपकरणे आली. या सर्वांत वीज धातूच्या आवरणाच्या आत असते, आणि आवरण माणसाच्या हाताशी. आतील निरोधक आवरण झिजून जिवंत तार धातूला चिकटली, तर तिसरी तार असताना मोठा प्रवाह तिच्यावाटे जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. ती नसताना मात्र काहीच घडत नाही. उपकरण चालूच राहते, आणि त्याचे आवरण २३० व्होल्टवर स्पर्शाची वाट पाहत राहते.

येथे एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. तिसरी तार असली म्हणजे भूसंपर्क झालाच, असे नाही. दख्खनच्या पठारावरील मुरूम व काळा कातळ कोरडा असताना विजेला मोठा रोध करतो. समजा, घरामागील खड्ड्यातील पट्टीचा जमिनीशी रोध ५० ओहम आहे आणि परतीचा दुसरा मार्ग नाही. मग २३० व्होल्टला प्रवाह ४.६ अँपिअर एवढाच येईल आणि पाच अँपिअरचा फ्यूजही उडणार नाही. खड्ड्यात कोळसा व मीठ घालण्याची आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतण्याची जी पद्धत आपल्याकडे रूढ झाली, तिच्यामागे हे गणित आहे. भूसंपर्कनाची भारतीय मानक-संहिता १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली. पण खड्ड्यात दरवर्षी पाणी घालणार कोण, याचे उत्तर संहितेत मिळत नाही. आणि चाळीच्या भाडेकरूचा तर खड्ड्याशी संबंधच नसतो.

तीन पिनांचा गोल प्लग आपल्याकडे ब्रिटिश मानकातून आला. ते मानक १९३४ चे. १९४७ मध्ये खुद्द ब्रिटनने चौकोनी पिनांचे नवे मानक काढले आणि जुने हळूहळू मागे टाकले. आपण मात्र जुन्यालाच धरून राहिलो व त्याचे भारतीय मानक केले. त्यातील तिसरी पिन इतर दोहोंपेक्षा जाड व लांब असते : जाड अशासाठी की ती दुसऱ्या छिद्रात जाऊ नये, आणि लांब अशासाठी की प्लग बसविताना भूसंपर्क आधी जुळावा व काढताना शेवटी सुटावा. ज्या सॉकेटला झडप असते, तेथे तीही याच पिनेने उघडते. या चतुर योजनेला आपल्या घरांनी दिलेली उत्तरेही तितकीच चतुर आहेत. झडप पेचकसाच्या टोकाने उघडून दोन उघड्या तारा खुपसावयाच्या आणि त्या आगकाडीने घट्ट करावयाच्या. तीन पिनांच्या प्लगात दोनच तारा जोडावयाच्या. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याच्या जागी तांब्याची जाड तार गुंडाळावयाची. यास केवळ अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. वस्तुतः जेथे एका खोलीला एकच सॉकेट आणि तोही दोन पिनांचा, तेथे गृहस्थापुढे दुसरा मार्ग पुष्कळदा नसे.

१९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांत या दोन जगांमधील सीमा स्पष्ट दिसते. पुरवठादाराने ग्राहकाच्या जागेत भूसंपर्काचे एक टोक उपलब्ध करून द्यावे, असा नियम होता. तेथून पुढील व्यवस्था ग्राहकाची. वायरिंगचे काम परवानाधारक कंत्राटदाराकडून व्हावे, असेही बंधन होते. विजेचा धक्का बसलेल्यास सावध करण्याच्या सूचना इंग्रजी किंवा हिंदीत आणि जिल्ह्याच्या भाषेत लावाव्यात, असा नियमही याच संचात आहे. त्या सूचना लावावयाच्या त्या वीजकेंद्रांत, बंदिस्त उपकेंद्रांत व कारखान्यांत, आणि निरीक्षक फर्मावील त्या अन्य जागी. घराचे नाव त्या यादीत नाही. कायदा उंबरठ्यापर्यंत आला आणि तेथे थांबला, असे म्हणावयास हरकत नाही.

आता इलेक्ट्रॉनिक उपकरणांकडे वळू. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, आणि त्यानंतरच्या काही दशकांत मध्यमवर्गीय घरात निर्वातनलिकांचा रेडिओ प्रतिष्ठेच्या जागी विराजमान झाला. रेडिओला दोन तारा बाहेरून हव्यात, एक एरियलची व दुसरी अर्थची, हे त्या काळी घरोघरी ठाऊक होते. अर्थची तार बहुधा पाण्याच्या नळाला बांधीत. आमच्या मते, अनेक घरांत ‘अर्थ’ हा शब्द प्रथम आला तो जिवाच्या रक्षणासाठी नव्हे, तर दूरच्या केंद्राचा आवाज स्वच्छ यावा म्हणून. त्याच शब्दाचा इस्त्रीच्या संदर्भातील अर्थ निराळा आहे, हे समजावून सांगणारे मात्र कोणी नव्हते.

रेडिओमध्येच एक जात विशेष धोक्याची होती. कित्येक शहरांत त्या वेळी एकदिश आणि प्रत्यावर्ती असे दोन्ही प्रकारचे पुरवठे असत, म्हणून दोहोंवर चालणारे ‘एसी-डीसी’ संच निघाले. ट्रान्सफॉर्मर एकदिश प्रवाहावर चालत नाही. सबब या संचांत तो नसे. नलिकांचे तंतू एकामागून एक जोडून थेट पुरवठ्यावर बसवीत आणि संचाचा धातूचा सांगाडा पुरवठ्याच्या एका तारेलाच जोडलेला असे. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की सगळा सांगाडा जिवंत! बाहेरून लाकडाची वा बेकेलाइटची पेटी असल्याने हे कळत नसे. पण गुंडी निघाली आणि उघड्या दांड्याला हात लागला, किंवा गुंडीचा स्क्रू मेणाने बुजविलेला नसला, तर धक्का बसे. असा सांगाडा अर्थच्या तारेला सरळ जोडणे म्हणजे पुरवठाच जमिनीत सोडणे. म्हणून मध्ये कंडेन्सर घालीत. तोच फुटला तर काय होईल, हे सांगावयास नको. १९५२ साली आंतरराष्ट्रीय विद्युत्-तांत्रिक आयोगाने आपले पासष्टावे मानक प्रसिद्ध केले. त्याचा विषय होता विजेवर चालणाऱ्या रेडिओ-ग्राहकांची सुरक्षितता. घरातील इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या सुरक्षाविषयक मानकांची परंपरा येथपर्यंत मागे नेता येते. तिला अनुरूप असे आपले ६१६ क्रमांकाचे मानक १९८१ च्या आवृत्तीत पुरवठ्यावर चालणाऱ्या सर्व घरगुती इलेक्ट्रॉनिक उपकरणांना लागू होते.

दरम्यान, शरीराविषयीचे ज्ञानही बदलत होते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स डॅल्झिएल यांनी १३४ पुरुष व २८ स्त्रिया यांच्यावर प्रयोग करून, हातातील तार किती प्रवाहापर्यंत सोडता येते याचे मापन केले. सरासरी पुरुषांत १६ व स्त्रियांत १०.५ मिलिअँपिअर आली. त्याहून अधिक प्रवाहाला स्नायू आवळतात आणि इच्छा असूनही हात सुटत नाही. ‘विजेने धरून ठेवले’ हा आपल्या बोलीतील शब्दप्रयोग शरीरशास्त्रदृष्ट्या अगदी अचूक आहे. लाइनमनच्या मृत्यूंमुळे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम कौवेनहोव्हन यांनी सुरू केलेल्या संशोधनातून १९६० मध्ये छाती दाबून हृदयक्रिया चालू ठेवण्याची पद्धत पुढे आली. त्याआधीचे उपचार कृत्रिम श्वसनापुरते होते. हृदयाचे स्पंदन विस्कळीत झालेल्या माणसाला त्यांचा उपयोग होणे शक्यच नव्हते.

या आकड्यांवरूनच नवा विचार निघाला : जाणारा व परत येणारा प्रवाह यांची तुलना करावी आणि काही मिलिअँपिअरचा फरक पडताच पुरवठा तोडावा. ऑस्ट्रियात गॉटफ्रीड बीगेलमायर यांनी १९५० च्या दशकात आणि अमेरिकेत डॅल्झिएल यांनी १९६१ मध्ये अशी साधने सिद्ध केली. अमेरिकेच्या वायरिंग-संहितेने १९७५ मध्ये घरातील स्नानगृहांसाठी ते सक्तीचे केले. आपल्याकडे नियमांत या साधनाला उशिरा स्थान मिळाले, आणि २०१० च्या विनियमांच्या मूळ मसुद्यातही २५० व्होल्टपर्यंतच्या, पाच किलोवॅटहून कमी भाराच्या जोडणीला सूट होती. या सुटीचा अर्थ नीट पाहण्याजोगा आहे. वातानुकूलित यंत्रे असलेले घर नियमाच्या कक्षेत येते. दोन दिवे, एक पंखा आणि एक कूलर असलेले घर येत नाही. विदर्भातील उन्हाळ्याचा ज्यांना अनुभव आहे त्यांना कूलर म्हणजे काय हे सांगणे नलगे. पत्र्याची पेटी, तळाशी पाणी, त्या पाण्यात पंप, भोवती ओली फरशी आणि अनवाणी पाय. धक्क्याला अनुकूल असे सारे एकत्र आलेले याहून दुसरे घरगुती उपकरण शोधून सापडणार नाही. वीज वितरण कंपनी दर उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी भरण्यापूर्वी प्लग काढावा असे आवाहन करते. ज्या घराला नियमाने साधन दिले नाही, त्याला सूचना मात्र दिली.

दूरचित्रवाणीविषयी थोडक्यात सांगता येईल. मुंबईत ती १९७२ मध्ये आली. चित्रनलिकेतील हजारो व्होल्टचा भार संच बंद केल्यावरही काही काळ टिकून राहतो, म्हणून मागील झाकण उघडू नये असा इशारा तिच्यावर छापलेला असे. रंगीत संचातून क्ष-किरण निघतात असे १९६७ मध्ये अमेरिकेत आढळून आल्यावर १९६८ साली तेथे स्वतंत्र कायदा झाला. आपल्याकडे रंगीत प्रसारण १९८२ मध्ये सुरू होईपर्यंत त्या प्रश्नाचे निराकरण बहुतांशी झालेले होते. उशिराचा असाही एक लाभ असतो.

अधिक महत्त्वाचे परिवर्तन निराळेच आहे. दुहेरी निरोधनाच्या पद्धतीत तिसऱ्या तारेची गरजच उरत नाही. एका चौकोनात दुसरा चौकोन, हे तिचे चिन्ह. आज घरोघरी असलेला मोबाइलचा चार्जर याच वर्गातील. त्यात २३० व्होल्ट आणि हातातील यंत्र यांच्यामध्ये एका लहानशा ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्यांतील अंतर तेवढे असते. ते काही मिलिमीटरांचे अंतर प्रामाणिकपणे राखले आहे की नाही, हे ग्राहकाला कळण्याचा उपाय नाही. वरून खरा व बनावट चार्जर सारखाच दिसतो. २०१२ च्या आदेशाने भारत सरकारने अशा अनेक उपकरणांची मानक ब्यूरोकडे नोंदणी सक्तीची केली, त्याचे कारण हेच. जी जबाबदारी पूर्वी घरातील खड्ड्यावर आणि तारतंत्र्यावर होती, ती आता दूरच्या कारखान्यावर गेली आहे.

१९५२ पासून चालत आलेल्या त्या आंतरराष्ट्रीय मानकाची जागा २०२० च्या अखेरीस नव्या मानकाने पूर्णपणे घेतली. त्यात उपकरणाच्या सान्निध्यात येणाऱ्या माणसांचे तीन वर्ग केले आहेत : कुशल, सूचना मिळालेली आणि सामान्य. सामान्य व्यक्तीला धोक्याचे ज्ञान नाही असे गृहीत धरून तिचे रक्षण उपकरणाच्या रचनेनेच करावयाचे, अशी ही योजना आहे. सूचनांच्या तक्त्यात ज्याचे नाव नव्हते त्या गृहस्थाला येथे प्रथमच आपली व्याख्या मिळाली. मात्र भिंतीतील सॉकेट त्या मानकाच्या कक्षेबाहेर आहे, आणि त्या सॉकेटमागे तिसरी तार जोडलेली आहे की नाही, हे अद्याप ज्याने त्याने आपल्या घरी उघडून पाहावयाचे आहे.