रंगाऱ्याची वही व रंगखान्याची जमीन

(१) भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यांत अड्याळ हें कोष्ट्यांच्या वस्तीचें गांव आहे. तेथील एका रंगाऱ्याच्या घराण्यांतील जुनी वही गेल्या पावसाळ्यांत आमच्या पाहण्यांत आली. वही लांबट बांधणीची असून तिचीं आरंभींचीं व शेवटचीं पानें वाळवीनें खाल्लीं आहेत. त्यामुळें तिचा काल निश्चित सांगतां येत नाहीं. अक्षर बहुतेक बाळबोध, क्वचित् मोडी. तींत सनद नाहीं, वंशावळ नाहीं, कोणा सरदाराचा उल्लेख नाहीं. उधारीचे आंकडे व जिनसांचीं नांवें एवढाच मजकूर. अशी वही चाळून बाजूस ठेवावी, असा आम्हां दप्तरें धुंडाळणारांचा आजवरचा रिवाज आहे. आम्हींही तेंच करणार होतों. परंतु घरामागील पडीक रंगखान्याची जागा प्लॉट पाडून विकावयाची असल्याचें त्याच बैठकींत समजलें, म्हणून वही पुन्हा उघडली.

(२) आरंभींच्या पानांवर आल, हिरडा, तुरटी, चुना, हिराकस व मोरचूद हे जिन्नस येतात. पुढें आलीचें नांव विरळ होत जातें आणि डब्यांतील विलायती रंगाचें नांव वाढतें. या फेरबदलाचें कारण सर्वश्रुत आहे. आलीच्या मुळापासून तांबडा रंग काढण्याची कला आपल्याकडे फार जुनी. परंतु १८६८ मध्यें ग्रेबे व लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनीं अलिझरिन हा तांबडा रंग डांबरापासून बनविला, आणि थोड्याच काळांत मुळें खणणें व वाटणें परवडेनासें झालें.

हिरड्याचा काढा जमिनींत मुरला तर कालांतरानें कुजून जातो. मोरचूद हा तांब्याचा क्षार, आणि धातु कुजत नाहीं. डब्यांतील रंगांची गोष्ट आणखी निराळी. त्यांपैकीं कांहींपासून कर्करोगास कारण होणारे पदार्थ उत्पन्न होतात, म्हणून भारत सरकारनें १९९७ मध्यें ७० ॲझो रंगांवर बंदी घातली. या वहींतील डब्यांत कोणता रंग होता तें लिहिलेलें नाहीं. तेव्हां वहीवरून जमीन दूषित ठरत नाहीं. ती तपासावी कीं नाहीं, व तपासावी तर कोठें, एवढेंच ठरतें.

"कोठें" याचें उत्तर एका क्षुल्लक नोंदींत मिळालें. विहिरीच्या पूर्वेकडील हौदाच्या डागडुजीबद्दल गवंड्यास दिलेले पैसे तींत मांडले आहेत. आज तेथें हौद नाहीं, सपाट जमीन आहे. गांवांतील दोघां वृद्धांस विचारलें. एकानें हौद पश्चिमेस सांगितला, दुसऱ्यास हौदच आठवेना. विहिरीचें पाणी मात्र अद्यापि भरलें जातें.

(३) असल्या कागदाकडे दुर्लक्ष केल्यानें काय होतें, याचें प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेंतील नायगारा फॉल्स या शहरीं घडलें. तेथील लव्ह कॅनॉल नांवाच्या अपुऱ्या कालव्यांत हूकर कंपनीनें १९४२ पासून रासायनिक कचरा पुरला व १९५३ मध्यें ती जागा शाळामंडळास एका डॉलरास दिली. जागेंत रासायनिक कचरा भरला आहे हें खरेदीखतांतच लिहिलें होतें. तरी शाळा झाली, घरें झालीं. आणि १९७८ मध्यें शेंकडों कुटुंबांस तेथून उठावें लागलें. लेख होता, वाचणारा नव्हता. त्यानंतर १९८० मध्यें तेथें स्वतंत्र कायदा झाला. आतां त्या देशांत जुन्या कारखान्याची जागा घेतांना माती खणण्याआधीं जुने नकाशे व दस्तऐवज पाहण्याची पद्धत आहे.

आपल्याकडे पर्यावरण संरक्षण कायद्याखालीं दूषित जागांविषयींचे नियम २०२५ मध्यें निघाले. जिल्हा प्रशासनानें संशयित जागा कळवाव्या, मग प्राथमिक व नंतर सविस्तर तपासणी व्हावी, आणि खर्च दूषित करणारानें द्यावा. तो सांपडत नसेल वा त्याची ऐपत नसेल, तर केंद्र व राज्य सरकारांनीं सोय करावी, असा त्यांचा सारांश आहे. खाणकामाच्या जागा त्यांतून वगळल्या आहेत, त्यांस निराळे कायदे आहेत. तुमसर तालुक्यांतील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी म्हणूनच या विचारांत येत नाहींत. तथापि उजाड झालेली जमीन पुन्हा सजीव होऊं शकते, हें त्याच धंद्यानें दाखविलें आहे. नागपूर जिल्ह्यांतील गुमगांव येथें मँगनीज खाणीच्या टाकाऊ मातीच्या ढिगांवर नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें साखर कारखान्यांतील प्रेसमड व उपयुक्त जीवाणू घालून वृक्ष वाढविले.

(४) मातीही एक प्रकारचें दप्तरच होय. नाईकुंड येथील महापाषाणयुगीन लोखंडाची भट्टी व तिची कीट यांवरून त्या काळची धातुविद्या आपण वाचतों. मग शंभर वर्षांमागील रंगखान्याची माती वाचण्यास संकोच कां वाटावा?

संकोचाचें कारण घरधन्यानें आम्हांस स्पष्ट सांगितलें. "गुरुजी, हें तुम्ही छापलें तर आमच्या जागेला गिऱ्हाईक येईल का?" माग बंद पडलेल्या घराजवळ तेवढीच जमीन शिल्लक आहे. हा प्रश्न खोटा नव्हे, आणि त्याचें उत्तर विद्वत्तेनें देतां येत नाहीं. आम्हीं एवढेंच म्हटलें कीं, तपासणींत माती चांगली निघाली तर जागेचा लौकिक वाढेल. वाईट निघाली तर विहिरीचें पाणी बंद करण्यास वेळ तरी मिळेल. न तपासतां विकली, तर पुढें घर बांधणारा आपल्याच गांवचा कोणी कोष्टी असणार. दोन दिवसांनीं त्यांनीं हौदाच्या पानाची नक्कल करूं दिली, आणि प्लॉट पाडण्यापूर्वीं माती व पाणी तपासून घेण्याचें कबूल केलें. घराण्याचें नांव येथें दिलें नाहीं, तें याच कारणास्तव.

वाचकांस विनंति ही कीं, रंगारी, कासार, तांबट, छापखानेवाले यांच्या वह्या रद्दींत जाऊं देऊं नयेत. नक्कल करतांना जिन्नस, त्यांचा क्रम, आणि हौद, भट्टी, विहीर यांच्या दिशा अवश्य टिपाव्या. सनदेवरून जमिनीचा मालक कळतो. त्या जमिनींत काय मुरलें आहे, तें अशा वह्यांवरूनच कळेल.