बिली हॉलिडे: तबकडीत आलेला आवाज आणि न आलेला

बिली हॉलिडे म्हटलं की व्यसन, तुरुंग, फसवणारे पुरुष ही कहाणी लगेच समोर येते. ती खोटी नाही, पण आज आपण वेगळा प्रश्न घेऊ. तिच्या आवाजातलं आपल्यापर्यंत काय पोचलं, काय राहून गेलं, आणि हे ठरवलं कुणी?

जन्म 1915 चा, फिलाडेल्फियातला, बालपण बाल्टिमोरमध्ये. हार्लेमच्या क्लबांत गाताना निर्माता जॉन हॅमंडनं तिला ऐकलं आणि नोव्हेंबर 1933 मध्ये, बेनी गुडमनच्या साथीनं, तिचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं. तेव्हा ती 18 वर्षांची. 1935 पासून पियानोवादक टेडी विल्सनबरोबर तबकड्या निघू लागल्या. त्यांचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे ज्यूकबॉक्स, नाणं टाकलं की गाणं वाजवणारं यंत्र. चांगली गाणी आधी गोऱ्या गायकांकडे जायची, उरलीसुरली हिच्याकडे. लेबलवर ठळक नाव विल्सनचं आणि हिच्या हातात ठरावीक बिदागी, रॉयल्टी नाही. आपल्याकडे गौहर जान तबकडीच्या शेवटी स्वतःचं नाव ठणकावून सांगायच्या, ते इथं आठवल्याशिवाय राहत नाही.

पण त्या उरल्यासुरल्या गाण्यांचं तिनं काय केलं बघा. ती तालाच्या किंचित मागं राहते. ओळ लांबवते, आता सम चुकणार असं वाटतं, आणि ती निवांत येऊन टेकते. शेजारी लेस्टर यंगचा सॅक्सोफोन तिच्या प्रत्येक ओळीला उत्तर देतो. तिला ‘लेडी डे’ म्हणायला सुरुवात केली ती त्यानंच.

1937 मध्ये ती काउंट बेसीच्या वाद्यवृंदात गेली. आता गंमत अशी, गंमत कसली म्हणा, की बेसीचा करार डेक्काशी आणि हिचा दुसऱ्या कंपनीशी. त्यामुळे स्टुडिओत एकही गाणं नाही. उरलंय ते रेडिओ प्रक्षेपणांचं थोडंसं ध्वनिमुद्रण. पुढच्या वर्षी आर्टी शॉच्या गोऱ्या वाद्यवृंदात गेली. तिथंही करार आडवा आला. हाती तबकडीची एकच बाजू. न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात याच वाद्यवृंदाबरोबर गाताना तिला सामानाच्या लिफ्टनं ये-जा करायला सांगितलं गेलं. तिनं शॉला सोडलं.

मग 1939. कॅफे सोसायटी, काळे-गोरे एकत्र बसू शकत असा न्यूयॉर्कमधला क्लब. तिथं ती ‘स्ट्रेंज फ्रूट’ गायची. जमावानं काळ्या माणसांना झाडाला लटकवून मारायच्या प्रकारावरचं हे गाणं, लिहिलेलं एबल मीरोपोल या शिक्षकानं. ते सुरू होण्याआधी वेटर थांबत, दिवे विझत, फक्त चेहऱ्यावर झोत. नंतर ‘वन्स मोअर’ नाही. तिच्या कंपनीनं, कोलंबियानं, ते ध्वनिमुद्रित करायला नकार दिला, पण बाहेर एका बैठकीपुरती सूट दिली. कॉमोडोर या छोट्या कंपनीच्या मिल्ट गेबलरनं 20 एप्रिल 1939 ला ते केलं. गाणं आखूड होतं, म्हणून आधी वाद्यांची सुरावट घातली. तबकडी पुन्हा ऐका: तीन मिनिटांतलं पहिलं मिनिट उलटून जातं तरी तिचा आवाज येत नाही.

1947 मध्ये अमली पदार्थांच्या खटल्यात शिक्षा झाली. सुटून आल्यावर मार्च 1948 मध्ये कार्नेगी हॉल भरला, पण न्यूयॉर्कमध्ये दारू मिळणाऱ्या क्लबांत गायला पोलिसांचं कार्ड लागायचं, ते तिला पुन्हा मिळालं नाही. म्हणजे सभागृहात गा, तबकडीवर गा, पण जिथं रोजचं पोट भरतं तिथं नाही! आमच्या मते तिच्या आयुष्यावरचा सगळ्यात मोठा घाव हाच.

1958 चा ‘लेडी इन सॅटिन’ काहींना ऐकवत नाही. आवाज फाटलाय, मागं व्हायोलिनांचा थाट. वाद्यसंयोजक रे एलिसही आधी हिरमुसला होता, नंतर ऐकताना त्याचं मत बदललं. आम्हालाही दोनदा ऐकावं लागलं. मार्च 1959 मध्ये लेस्टर यंग गेला, 17 जुलैला ती. रुग्णालयात, अटकेत, वय 44. बँकेत 70 सेंट होते.

आता आपण 30 जून 1937 चं सव्हॉय बॉलरूममधलं प्रक्षेपण ऐकू, बेसीबरोबरचं. खरखर आहे, पण मागं नाचणाऱ्यांचा गलका ऐकू येतो, तिकडे लक्ष द्या.