अर्ध्यावर अडवलेले अ‍ॅनिमेशन

धाराशिव, प्रतिनिधी - पीकविम्याचा अर्ज भरण्याची मुदत संपत आली, की धाराशिव जिल्ह्यातील सेवा केंद्रांवर गर्दी होते. अशा वेळी संगणकावर बसलेल्या चालकाची बोटे घाईत असतात. तालुक्यांची यादी उघडण्यासाठी तो क्लिक करतो. यादी संथपणे खाली उलगडू लागते. तेवढ्यात आपण भलतीच यादी उघडली हे लक्षात येऊन तो पुन्हा क्लिक करतो. यादी अजून अर्धीच उघडली आहे. आता तिने काय करावे? पूर्ण उघडून मग मिटावे, एका झटक्यात नाहीसे व्हावे, की जेथे आहे तेथूनच मागे फिरावे?

संकेतस्थळे घडविणाऱ्यांपुढचा हा जुना प्रश्न आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये काड्यापेटीतील काड्यांना हलते करून ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. त्यातील काड्यांना मध्येच अडविण्याची सोय प्रेक्षकाला नव्हती. संकेतस्थळावरील हालचालीचे तसे नाही. येथे पाहणाराच हालचाल सुरू करतो आणि ती संपण्याआधी त्याचे मत बदलू शकते. त्यामुळे आरंभ आणि शेवट एवढेच आखून भागत नाही. मधल्या प्रत्येक क्षणी ती मोडली तर काय, याचे उत्तर आधीच तयार ठेवावे लागते.

पंचमीला झाडाला बांधलेला झोका आठवावा. तो मध्यावर असताना कोणी उलट दिशेने रेटा दिला, तर तो अचानक टोकाला दिसत नाही आणि जागच्या जागी गोठतही नाही. त्याची गती मंदावते, क्षणभर तो स्थिरावतो आणि परत फिरतो. कारण त्या क्षणी झोक्याला जागा असते, तसाच वेगही असतो. पडद्यावरची हालचाल खंडित झाल्यावर या दोन्ही गोष्टी सांभाळल्या गेल्या, तरच ती डोळ्यांना सहज वाटते. जागा सुटली तर वस्तू उडी मारते आणि वेग सुटला तर ती अडखळते.

सुरुवातीच्या काळात जागाच सुटत असे. २००६ मध्ये आलेल्या जेक्वेरी या जावास्क्रिप्ट संचाने अ‍ॅनिमेशन सोपे केले खरे. पण एकाच घटकाला दिलेल्या हालचाली ती एकामागे एक रांगेत लावीत असे. मेनूवरून माऊस दहा वेळा गेला, की माऊस दूर झाल्यावरही तो मेनू बिचारा दहा वेळा उघडमीट करीत राही. १.२ आवृत्तीत आलेल्या ‘स्टॉप’ या आज्ञेने त्यावर उपाय दिला. रांग रिकामी करून, आहे त्या जागेपासून नवी हालचाल सुरू करणे त्यामुळे शक्य झाले. याच आज्ञेला घटक थेट अंतिम जागी नेऊन ठेवण्यास सांगता येत असे. ते सोयीचे असले तरी डोळ्यांना खटकणारेच.

पुढे हे काम ब्राउझरने स्वतःकडे घेतले. सीएसएस ट्रान्झिशनचा पहिला जाहीर मसुदा डब्ल्यूथ्रीसीने मार्च २००९ मध्ये प्रसिद्ध केला. ट्रान्झिशन मध्येच उलटले तर ते चालू जागेपासूनच परत फिरते. येथे एक बारकावा मोठा शहाणपणाचा आहे. एक सेकंदाची हालचाल निम्मे अंतर कापून उलटली, तर परतीला पूर्ण सेकंद लागत नाही, अर्धाच लागतो. असे नसते तर थोडेसे अंतर जाण्यास वस्तूने उगाच रेंगाळत वेळ काढला असता. मात्र ही सवलत मूळ जागी परतण्यापुरतीच आहे; तिसऱ्याच जागी जायचे झाल्यास नेहमीचा पूर्ण काळ लागतो. याउलट की-फ्रेमने आखलेले अ‍ॅनिमेशन मध्येच काढून घेतले, तर घटक तत्काळ मूळ स्थितीत आदळतो. म्हणून उघडमीट करणाऱ्या यादीसाठी ट्रान्झिशन बरे आणि सतत फिरणाऱ्या चक्रासाठी की-फ्रेम बरी. जावास्क्रिप्टमधून चालविलेले अ‍ॅनिमेशन ‘रिव्हर्स’ आज्ञेने आहे तेथून उलट चालविता येते.

डोळ्यांना खटकणे एवढाच तोटा असता, तर या विषयाची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. खरा घोटाळा पुढेच होतो. पुष्कळ पानांवर ‘मिटण्याची हालचाल संपली, की चौकट लपवा’ अशी सूचना लिहिलेली असते. वापरकर्त्याने चौकट मिटवायला घेतली आणि अर्ध्यातच पुन्हा उघडली, तर जुने ट्रान्झिशन रद्द होते. पण संपल्याची खबर ऐकण्यासाठी बसविलेला हेर तसाच बसून राहतो. उघडण्याची हालचाल संपताच तो तीच खबर आपली समजतो आणि नुकतीच उघडलेली चौकट लपवून टाकतो. ठरावीक मिलिसेकंदांनी चौकट लपविणारा टायमर वेळीच रद्द केला नाही, तर तोही हेच करतो. अर्जातील सर्व्हे नंबर निम्मा टाइप झालेला असताना चौकटच गेली, तर बाहेर रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला ट्रान्झिशन म्हणजे काय हे सांगून उपयोग नाही.

उपाय असा, की खरी स्थिती आणि दिसणारे चित्र यांची फारकत करावी. क्लिक होताच ‘उघडी’ किंवा ‘बंद’ ही नोंद लगेच बदलावी. चित्राने मागून सावकाश यावे. हालचाल संपल्याची खबर आली, तरी लपविण्यापूर्वी ती नोंद पुन्हा तपासावी. हालचाल सुरू असताना बटणच बंद ठेवण्याची पळवाट अनेक जण काढतात. ती प्रस्तुत प्रतिनिधीला मुळीच पटत नाही. त्यात यंत्राची सोय पाहिली जाते आणि माणूस ताटकळतो.

राहिला प्रश्न वेगाचा. ट्रान्झिशन जागा सांभाळते, पण नवी हालचाल स्वतःच्या ठरलेल्या वेगाने सुरू करते. अ‍ॅपलने २०१४ मध्ये आयओएस ८ मध्ये यावर बेरजेची युक्ती योजली. जुनी हालचाल न मोडता विरत जाऊ द्यायची आणि नवी तिच्यात मिळवायची. दुसरा मार्ग स्प्रिंगचा. घटकाची जागा व वेग यांची नोंद ठेवून प्रत्येक फ्रेमला ओढ आणि अवरोध यांचे गणित करायचे. मत बदलले की फक्त लक्ष्याची जागा बदलायची, बाकी काही थांबवायचे नाही. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर प्रत्येक गणितास सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. स्वस्त मोबाइलवर फ्रेम गळतात, म्हणून प्रत्यक्ष लोटलेला वेळ मोजावा. पण त्यालाही कमाल मर्यादा घालावी. पान मागे ठेवून काही मिनिटांनी परत आल्यास तो आकडा एवढा मोठा होतो, की स्प्रिंग घटकाला पडद्याबाहेर भिरकावून देते. घटकाची उंची बदलत राहिल्यास प्रत्येक फ्रेमला पानाची मांडणी नव्याने करावी लागते. सरकविणे आणि पारदर्शकता बदलणे त्या मानाने हलके पडते.

काहींना अशा हालचालींनी भोवळ येते. २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ या सुगम्यता निकषांत, वापरकर्त्याच्या कृतीने सुरू होणारे अनावश्यक अ‍ॅनिमेशन बंद करता यावे, असे सर्वोच्च पातळीवर नमूद आहे. ‘हालचाल कमी ठेवा’ ही वापरकर्त्याची पसंती ब्राउझर पानाला कळवितो. मात्र अशा वेळी ट्रान्झिशनचा काळ शून्य केला, तर ते सुरूच होत नाही आणि संपल्याची खबरही येत नाही. त्या खबरीवर विसंबलेली चौकट मग कधीच लपत नाही.

तपासणी सोपी आहे. क्रोम ब्राउझरच्या विकसकांसाठीच्या साधनांत अ‍ॅनिमेशनचा वेग १० टक्क्यांवर आणता येतो. तेथे यादी उघडावी, अर्ध्यावर क्लिक करावे, पुन्हा अर्ध्यावर क्लिक करावे. उडी दिसते का, अडखळ दिसते का, हे पाहावे. आणि अखेरीस उघडी राहिलेली यादी पुढचे दोन सेकंद उघडीच राहते ना, हेही पाहावे.