वक्ता पुण्याचा, साक्षीदार गावचा

१४ एप्रिल जवळ आला की नांदेड-लातूरच्या जयंती मंडळांची एकच धावपळ सुरू होते. "पुण्याचे प्राध्यापक येतील का? त्यांचा नंबर कुणाकडे आहे?" एका नंबरासाठी दहा फोन होतात. मोठमोठ्या वक्त्यांचे नंबर आपल्या मोबाईलमध्ये साठवलेले आहेत. पण १९७८ चा ऑगस्ट ज्यांनी अंगावर झेलला, त्यांच्यापैकी एकाचा तरी नंबर आपल्याकडे आहे का?

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. ४ ऑगस्टला नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. नामविस्ताराला १४ जानेवारी १९९४ उजाडले; त्याच्या काही आठवडे आधी, २५ नोव्हेंबर १९९३ ला, नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. एवढे प्रत्येक वक्ता सांगतो. पण घर जळाल्यावर माणसे कुठे राहिली, पंचनाम्यात काय लिहिले आणि काय गाळले, पुन्हा त्याच शेतमालकाकडे कामाला कोणत्या तोंडाने गेली, हे सांगणारा तज्ज्ञ कुठल्याही विद्यापीठात बसलेला नाही. तेव्हा विशीत असलेली बाई आज सत्तरीकडे झुकली आहे. आपण अजून तिच्या दारात गेलो नाही.

असे काम पूर्वी झालेच नाही, असे नव्हे. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी आंबेडकरी चळवळीतल्या जुन्या कार्यकर्त्या शोधून काढल्या, त्यांना बोलते केले. 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ ला आले. तेव्हा ना मोबाईल होता, ना व्हॉट्सॲप.

आता शोधायचे कसे, हे विचाराल तर आधी कागद. नावे खटल्यांच्या कागदांत सापडतात, सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्यांच्या यादीत सापडतात. इथे एक गोष्ट हमखास चुकते: लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ ला झाला. त्याआधी यातली बहुतेक गावे उस्मानाबाद जिल्ह्यात होती. तेव्हा १९७८ ची फाइल फक्त लातूरला मागून हात हलवत परत येऊ नका.

कागदावर नाव मिळते, माणूस मिळत नाही. जुन्या वहीतले ०२४६२ आणि ०२३८२ चे लँडलाइन नंबर बहुतेक बंद पडलेत, आणि कित्येक घरे तेव्हाच गाव सोडून गेली. अशा वेळी सोयरिकीचा धागा धरावा. लग्नपत्रिकेवर मामा, मेहुणे, भाचे सगळे नावानिशी असतात. निवृत्त गुरुजींना विचारावे. बायकांना तर जरूर विचारावे. लेक कुठे दिली हे त्यांना पाठ असते.

नंबर मिळाला की लगेच ग्रुपवर टाकण्याची आपली सवय मात्र घातक आहे. ज्यांनी घर जाळले त्यांची मुले-नातवंडे आजही त्याच गावात, त्याच सोसायटीत, त्याच ग्रामपंचायतीत आहेत. त्या आजी बोलतील आणि आपण गाडीत बसून निघून येऊ. म्हणून आधी त्यांना विचारा: नाव सांगायचे का, रेकॉर्ड करायचे का, नंबर कुणाला द्यायचा का.

आणि मानधनाचेही बोलू. पुण्याच्या वक्त्याला प्रवासखर्च आणि पाकीट. साक्षीदाराला शाल आणि नारळ. त्यांचीही त्या दिवसाची मजुरी बुडते.