एक्स्टेन्शनमधील कच्चे दुवे : एसक्यूएल इंजेक्शनची पंचवीस वर्षे

संकेतस्थळावरील लेख, सदस्यांची नावे आणि त्यांचे पासवर्ड ज्या डेटाबेसमध्ये साठवले जातात, त्याला आज्ञा देण्याची भाषा म्हणजे एसक्यूएल. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये या भाषेचे मूळ रूप मांडले, तेव्हा ती संस्थेतील माणसे आपल्याच माहितीसाठी वापरतील, असे गृहीत होते. कोणा अनोळखी माणसाने दुरून टंकलेली अक्षरे थेट तिच्या वाक्यात जाऊन बसतील, हा प्रश्न उद्भवण्याचे त्या काळी कारणच नव्हते. तो प्रश्न वेबमुळे निर्माण झाला.

वाचकाने पाचव्या क्रमांकाची बातमी मागितली, की प्रोग्राम आज्ञेचा ठरलेला भाग घेतो, पत्त्यातून आलेला ५ हा आकडा त्याला जोडतो आणि तयार झालेले वाक्य डेटाबेसकडे पाठवतो. त्या ५ च्या जागी कोणी ‘५ ऑर १=१’ असे लिहिले, तर अट प्रत्येक नोंदीबाबत खरी ठरते आणि एका बातमीऐवजी सर्व नोंदी बाहेर येतात. चेकवर रकमेपुढे ‘फक्त’ न लिहिता जागा मोकळी सोडली, तर दुसऱ्याला तिथे भर घालता येते, तसाच हा प्रकार आहे. ‘फ्रॅक’ या हॅकरांच्या नियतकालिकाच्या ५४ व्या अंकात, डिसेंबर १९९८ मध्ये, टोपणनावाने लिहिणाऱ्या एका लेखकाने या तंत्राचे जाहीर वर्णन केले. एसक्यूएल इंजेक्शन हे त्याचे नाव नंतर रूढ झाले.

पुढील काही वर्षांत सीएमएस, म्हणजे प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही संकेतस्थळ चालवता यावे यासाठीच्या आशय व्यवस्थापन प्रणाली, झपाट्याने पसरल्या. ड्रुपल २००१ मध्ये, वर्डप्रेस २००३ मध्ये आणि माम्बो या प्रणालीतून फुटून निघालेली जुमला २००५ मध्ये वापरात आली. मूळ प्रणाली आटोपशीर ठेवायची आणि छायाचित्र-दालन, मतचाचणी, दुकान अशा सोयी इतरांनी लिहिलेल्या पूरक प्रोग्रामांवर सोपवायच्या, ही या सर्वांची रचना होती. या पूरक प्रोग्रामांना कोठे प्लगइन, कोठे मॉड्यूल, तर कोठे एक्स्टेन्शन म्हणतात. मूळ प्रणालीचा कोड अनेकांच्या नजरेखालून जात असे, एक्स्टेन्शन मात्र पुष्कळदा एकट्यादुकट्याने फावल्या वेळात लिहिलेले असे. तरीही डेटाबेसच्या दृष्टीने दोघांत काहीच फरक नव्हता, कारण दोघांच्या आज्ञा एकाच खात्यातून आणि एकाच अधिकाराने जात. त्यामुळे छायाचित्र-दालनातील एका बेसावध ओळीतून प्रशासकाच्या पासवर्डची नोंद वाचता येत असे.

जुमलाच्या बाबतीत हे विशेष प्रकर्षाने दिसले. कोणते एक्स्टेन्शन चालू आहे, हे तेथे पानाच्या पत्त्यातच ‘ऑप्शन=कॉम’ या अक्षरांपुढे लिहिलेले असे; म्हणून एका एक्स्टेन्शनमधील त्रुटी जाहीर झाली, की ते वापरणारी संकेतस्थळे गूगलवर शोधून काढणे सोपे जाई. सदस्यांच्या तक्त्याचे नावही बहुतेक ठिकाणी ‘जॉस’ या एकाच उपसर्गाने सुरू होत असल्याने, दोन निवडींचे निकाल एकत्र करणारा ‘युनियन’ हा शब्द वापरून तो तक्ता बातमीच्या जागी उमटवता येत असे. अखेर असुरक्षित एक्स्टेन्शनची जाहीर यादी ठेवण्याची वेळ जुमलाच्या स्वयंसेवकांवर आली.

या चुकांचा सगळा दोष हौशी लेखकांच्या माथी मारणे न्याय्य ठरणार नाही. या तिन्ही प्रणाली पीएचपी या भाषेत लिहिलेल्या आहेत, आणि पीएचपीने सुचवलेला पहिला उपाय, ‘मॅजिक कोट्स’, हाच दिशाभूल करणारा होता. बाहेरून आलेल्या प्रत्येक अवतरणचिन्हापूर्वी तो आपोआप तिरकी रेघ घालत असे. परंतु वरील उदाहरणात अवतरणचिन्ह मुळी लागतच नाही, त्यामुळे आकड्यांच्या जागी होणारा हल्ला त्याने अडत नसे. खरा उपाय म्हणजे आज्ञेचा साचा आधी पाठवून मूल्ये स्वतंत्रपणे देणे. पीएचपीतून मायएसक्यूएल या डेटाबेसशी अशा रीतीने बोलण्याची सोय २००४ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून मिळाली, तरी जुन्या पद्धतीची फंक्शने २०१५ अखेरच्या सातव्या आवृत्तीपर्यंत भाषेत टिकून राहिली आणि मॅजिक कोट्स २०१२ मध्ये हद्दपार झाले.

वर्डप्रेसने २००७ मध्ये, २.३ या आवृत्तीत, ‘प्रिपेअर’ हे फंक्शन प्लगइन-लेखकांच्या हाती दिले. ते खऱ्या साच्याची केवळ नक्कल करत असे, म्हणजे मूल्ये सुरक्षित करून अखेरीस एकच वाक्य जुळवत असे, आणि रकान्याच्या नावासाठी त्यात जागाच नव्हती. यादी कोणत्या रकान्यानुसार लावायची, हे ठरवणारे मूल्य नीट न तपासल्यामुळेच मार्च २०१५ मध्ये योस्ट एसईओ हे अतिशय लोकप्रिय प्लगइन अडचणीत आले. फेब्रुवारी २०१७ मध्ये दहा लाखांहून अधिक संकेतस्थळांवर असलेल्या नेक्स्टजेन गॅलरीत त्रुटी सापडली, तेव्हा तिच्या लेखकांनी प्रिपेअर वापरलेले होते. पण वाचकाकडून आलेला मजकूर त्यांनी मूल्य म्हणून न देता साच्यातच मिसळला होता. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला वर्डप्रेसला ४.८.३ ही आवृत्ती काढून प्रिपेअरची वागणूकच बदलावी लागली.

मूळ प्रणालीही या दोषापासून मुक्त नव्हत्या. ड्रुपलच्या सातव्या आवृत्तीत इंजेक्शन रोखण्यासाठीच लिहिलेल्या डेटाबेस-स्तरातील त्रुटी १५ ऑक्टोबर २०१४ रोजी जाहीर झाली, आणि घोषणेनंतर सात तासांच्या आत दुरुस्त न केलेले प्रत्येक संकेतस्थळ हल्लेखोरांच्या ताब्यात गेले आहे असे समजावे, असा इशारा ड्रुपलला द्यावा लागला. मात्र अशा वेळी दुरुस्तीची जबाबदारी घेणारी संघटना अस्तित्वात असते. एक्स्टेन्शनच्या लेखकाने काम सोडून दिले, तर सदोष कोड हजारो संकेतस्थळांवर तसाच चालू राहतो.

रकान्यांच्या नावांसाठी सुरक्षित जागा वर्डप्रेसच्या प्रिपेअरमध्ये आली ती २०२३ मधील ६.२ या आवृत्तीत, म्हणजे ‘फ्रॅक’मधील वर्णनानंतर जवळपास पंचवीस वर्षांनी. उपाय ठाऊक असणे आणि तो साध्या लेखकाच्या हाती सहज वापरता येईल अशा रूपात पोचणे, यांतील हे अंतर हेच या त्रुटींच्या दीर्घायुष्याचे मुख्य कारण आहे; आणि नवे फंक्शन आल्याने जुनी एक्स्टेन्शने आपोआप दुरुस्त होत नसल्यामुळे, ज्यांना आता कोणी वाली नाही ती काढून टाकणे हे संकेतस्थळ चालवणाऱ्याचेच काम उरते.