बुळकांडी आणि आमचा गोठा



महोत्सवाच्या प्रसंगीं आपण पूर्वजांच्या श्रद्धेचें स्मरण करतोंच. त्यांच्या गोठ्याचेंही करावें, असें मला वाटतें. आपल्या संभाजीनगर जिल्ह्यांतील कोरडवाहू शेतकऱ्याचें बहुतेक धन दावणीस बांधलेलें असे. बैल नांगर, वखर व मोट ओढीत; गाय दूध व वासरूं देई; शेणखत रानांत पडे. ऐन मृगांत बैलजोडी गेली कीं पेरणी राहिली, आणि पेरणी राहिली कीं सावकाराच्या दाराशीं जाणें आलें.

या धनाचा मोठा वैरी म्हणजे बुळकांडी. आजच्या तरुणांच्या कानांवर हा शब्द क्वचितच पडला असेल. जनावरास प्रखर ताप येई, तोंडांत व्रण होत, डोळे व नाक गळूं लागत, मग जुलाब लागत आणि थोड्याच दिवसांत तें प्राण सोडी. धन्यानें कितीही निगा राखली, वेळेवर कडबा-पाणी केलें, तरी शेजारच्या दावणीवरून, बाजारांतून अथवा सामाईक पाणवठ्यावरून रोग आंत शिरे.

१८८९ त पुण्यास पशुरोगांच्या अभ्यासासाठीं प्रयोगशाळा निघाली. १८९३ त ती हिमालयांतील मुक्तेश्वर येथें हलविण्यांत आली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत तेथें रोगाचें विष बकऱ्यांच्या शरीरांत सौम्य करून लस सिद्ध झाली. १९५४ त देशव्यापी लसीकरणाची योजना सुरू झाली, तेव्हां आपला जिल्हा हैदराबाद राज्यांत होता. १९९५ नंतर हा रोग भारतांत आढळला नाहीं. २०११ त तो जगांतूनच नाहींसा झाल्याचें जाहीर झालें. देवीच्या रोगानंतर समूळ गेलेला हा दुसराच रोग होय.

यांतील बोध स्पष्ट आहे. निगा घरची, परंतु रक्षण साऱ्या गांवाचें. एकाच्या गोठ्यास लस टोंचून काम भागलें नाहीं. गांवोगांवचे गोठे त्यांत आले, तेव्हांच बुळकांडी हटली.

२०२२ त लम्पी चर्मरोग महाराष्ट्रांत पसरला, तेव्हां हाच धडा पुन्हां गिरवावा लागला. डास, माश्या व गोचीड यांच्यामार्फत तो एका गोठ्यांतून दुसऱ्यांत गेला, आणि बकऱ्यांच्या देवीवरील लसच त्या वेळीं गाईबैलांच्या कामीं आली. म्हणून माझी विनंती इतकीच: आजारी जनावर वेगळें बांधा, तें लपवूं नका, लस वेळेवर टोंचून घ्या आणि शेजाऱ्यास आधीं कळवा. शेजारप्रीतीची आज्ञा गोठ्याच्या दाराशीं येऊन थांबत नाहीं.